चालवणारा उभा असतो

आमच्या घरात दोन प्रकारची माणसं होती, उचलणारी आणि मी. दोन वर्षांची असताना पोलिओत माझे दोन्ही पाय गेले, उजवा हात गेला, डाव्या हाताची तीन बोटं तेवढी शाबूत राहिली. तेव्हापासून मी एका जागेहून दुसऱ्या जागी जायचं ते कुणाच्या तरी कडेवर किंवा दोघांच्या हातांवर. सकाळी बाबा मला खाटेवरून ओसरीत आणून ठेवायचा, दुपारी आई न्हाणीत न्यायची, संध्याकाळी जो मोकळा असेल तो परत आत आणायचा. मी कुठे बसायचं हे उचलणाऱ्याच्या कमरेवर ठरे. बाबाची कंबर धरली असेल त्या आठवड्यात मी खाटेजवळच्या खिडकीत, कंबर बरी असेल तर ओसरीच्या टोकाला. गावात काय चाललंय ते मला ओसरीच्या टोकावरून दिसे, त्यामुळे बाबाच्या कमरेची चौकशी माझ्याइतकी मनापासून कुणी करत नसे.

पूर्णा गावात तेव्हा एखाद्याचं शेत कुठे म्हणून विचारलं, तर लोक गोडाऊनकडे बोट दाखवायचे. आमचंही तसंच. भाताच्या खाचरांवर पत्र्याचं लांबलचक गोडाऊन उभं राहिलं आणि बाबाने घराला लागून शेड घालून त्यात कापड विणायचे सहा यंत्रमाग टाकले. सहा मागांचा आवाज भिंतीपलीकडून दिवसभर येई. त्यामुळे आमच्या घरात कुणी हळू बोलतच नसे. आई शेजारच्या काकीला कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडून सांगे. मग लोडशेडिंगची वेळ व्हायची, माग एकदम बंद पडायचे, आणि काकीच्या सुनेबद्दलचं अर्धं वाक्य अख्ख्या आळीला ऐकू जायचं. काकीची सूनही ऐकायची. करंट परत येईपर्यंत कुणी कुणाकडे बघत नसे.

बारावी मी बाहेरून केली आणि पुढे घरातला फोन सांभाळू लागले. भिवंडीतले व्यापारी माल कुठे आहे म्हणून विचारायचे, आणि मी हिंदीत शांतपणे सांगायचे की माल निकल गया है, रास्ते में है. माल तेव्हा मागावर असायचा, काही वेळा नुसतं सूतच असायचं. एकदा गोडाऊनचा फोन बंद होता म्हणून तिथले सुपरवायझर शिंदे आमच्याकडे फोन करायला आले आणि माझं असलं एक संभाषण त्यांनी पूर्ण ऐकलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "आमच्या ऑफिसात हेच काम आहे. दिवसभर फोन घ्यायचे, गाडी कुठे पोचली ते सांगायचं, गेटचं रजिस्टर बघायचं. करशील?" मी हो म्हणायच्या आत ते पुढे म्हणाले, "पण एक आहे. सकाळी साडेनऊला गेटवर पाहिजे, आणि स्वतःची स्वतः. घरचं माणूस दिवसभर तिथे बसवायला जागा नाही आमच्याकडे."

मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की दोन दिवस मी घरात विषयच काढला नाही, काढला तर लगेच नाही ऐकायला मिळेल म्हणून. आमच्या दारापासून गोडाऊनच्या गेटपर्यंत चालत सात मिनिटांचं अंतर, असं बाबा सांगायचा. आळी, मग कंटेनरच्या गाड्यांचा रस्ता, रस्त्यापलीकडे गेट. ती सात मिनिटं मला माझी मला काढायची होती.

साधी व्हीलचेअर घरात होती. एका शिबिरात मिळालेली. ती ढकलायला दोन धड हात लागतात हे शिबिरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मिळत असलेली वस्तू नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे तिच्यावर कांदे ठेवलेले असत. मोटारीची खुर्ची परदेशातून येते एवढं ऐकून होते. मुंबईच्या एका दुकानाने तिचं रंगीत पत्रक पोस्टाने पाठवलं. बाबाने किंमत वाचली, पत्रक घडी घालून ठेवलं आणि म्हणाला, "चित्र चांगला हाय." मग ते पत्रक उस्मानचाचांच्या हातात पडलं.

उस्मानचाचा आमच्या मागांचे मिस्त्री. तीस वर्षांपूर्वी आजमगडकडून भिवंडीत आलेले. मागाजवळ उभं राहून नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगत. बाबाला ते सेठ म्हणायचे, सहा मागांच्या मानाने हा शब्द जरा मोठा होता, पण बाबाची हरकत नव्हती. शुक्रवारी माग बंद असत. नमाज झाली की चाचा आमच्याकडे तेलपाणी करायला येत आणि आईच्या हातची तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाऊन जात. त्या शुक्रवारी त्यांनी हात धुतले, पत्रक डोळ्यांपासून लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "बस? दो मोटर, दो बैटरी, एक हैंडल. माग से आसान है. इसमें तो धागा भी नहीं टूटेगा."

पुढचे पाच शुक्रवार आमच्या ओसरीत ती खुर्ची उघडी पडलेली असे. कांदे खाटेखाली गेले. भिवंडीच्या भंगारबाजारातून चाचांनी ट्रकच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या आणि मागच्या दोन चाकांना एकेक जोडली. वायपरच्या मोटरीतच एक मळसूत्रासारखा गिअर असतो. मोटर भराभर फिरते, चाक सावकाश फिरतं, पण जोर धरतं. त्याची आणखी एक खोड अशी की मोटर चाकाला फिरवू शकते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. करंट गेला की चाकाला कुलूप. चाचांना हे फार आवडलं, कारण वेगळा ब्रेक करावा लागणार नव्हता आणि उतारावर खुर्ची सोडून दिली तरी जागची हलत नव्हती. ढकलली तरीही हलत नव्हती, पण या बाजूने त्या वेळी कुणी विचार केला नाही. आज माझ्या खुर्चीच्या चाकाशी एक छोटी लाल दांडी आहे, ती ओढली की मोटर सुटते आणि खुर्ची हाताने ढकलता येते. ती दांडी ज्याने कुणी पहिल्यांदा बसवली, त्याच्यावर आमच्यासारखाच प्रसंग आला असणार.

बॅटऱ्या ट्रकच्या, दोन. त्या बसायच्या जागेच्या मागे एका फळीवर बांधल्या. पुढची दोन लहान चाकं गोडाऊनच्या जुन्या ट्रॉलीची, कुठेही वळणारी. वळण्यासाठी स्टिअरिंग वगैरे काही नव्हतं. डावीकडे वळायचं तर उजवं चाक चालवायचं आणि डावं थांबवायचं. पुढची चाकं मागच्यांच्या मागून मुकाट्याने जातात. हे सगळं चाचांनी मला समजावून सांगितलं, मला समजलं याचा त्यांना आनंद झाला, आणि मग त्यांनी मोटरी चालू-बंद करायचं हँडल खुर्चीच्या पाठीमागे बसवायला घेतलं.

"चाचा, ये पीछे क्यों?" मी विचारलं.

"तो कहाँ लगाऊँ?"

"माझ्या हाताशी."

चाचा प्रेमाने हसले. "बेटी, मशीन चलाने वाला खड़ा रहता है. बैठके कौन चलाता है?"

"रिक्षावाला," मी म्हटलं.

"रिक्शावाला अपने पैर से चलके आके बैठा है," चाचा म्हणाले, आणि पान्याने नट आवळला.

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. तीस वर्षं त्यांनी जी यंत्रं पाहिली त्यांत माणूस उभा असायचा, हँडल त्याच्या हाताशी असायचं, आणि यंत्रावर जे पसरलेलं असायचं ते कापड. त्या मांडणीत मी कापड होते. बाबालाही हँडल मागेच योग्य वाटलं. आईला तर खुर्ची आपोआप चालते हेच पुष्कळ झालं होतं. मी गप्प बसले. उचलून नेल्या जाणाऱ्या माणसाला गप्प बसायची चांगली सवय असते.

चाचणी आमच्या अंगणात झाली. आळीतल्या बायका कडेने उभ्या राहिल्या. अंगणाच्या मध्यभागी आईने जुन्या लुगड्यावर सुकट वाळत घातली होती, ती उचलायला हवी असं कुणाला वाटलं नाही, कारण खुर्ची फार तर चार हात जाईल असा सगळ्यांचा अंदाज होता. बाबा माझ्यामागे उभा राहिला आणि त्याने हँडल टाकलं. मागाचं हँडल असतं तसंच हे, एकदा खाचेत टाकलं की तिथे राहतं, थांबवायचं तर हाताने काढावं लागतं. माझी मान मागे झटकली गेली आणि खुर्ची निघाली.

आता माग चालवणारा माणूस एका मागापाशी उभा राहत नाही. त्याच्याकडे चार-सहा माग असतात. तो एकाचं हँडल टाकतो आणि पुढच्याकडे जातो. बाबाने इतकी वर्षं तेच केलं होतं. त्याने माझं हँडल टाकलं आणि सवयीने डावीकडे, पुढच्या मागाकडे वळला. पुढचा माग तिथे नव्हता, तिथे काकी उभी होती. दोघं एकमेकांकडे बघत असेपर्यंत मी सुकटीवरून पार झाले होते. खुर्ची शेडच्या भिंतीला जाऊन भिडली. भिंत हलली नाही, आणि खुर्चीही थांबली नाही. चाकं जागच्या जागी फिरत राहिली, माझे गुडघे भिंतीला घासत राहिले, आणि बाबा धावत येऊन हँडल काढेपर्यंत मी पत्र्यावरचा गंज अगदी जवळून पाहिला.

"पोरी, लागला काय?" बाबाने विचारलं.

"न्हाय," मी म्हटलं. लागलं होतं.

आई सुकट निवडायला बसली. बायका आपापल्या घरी गेल्या आणि त्या दिवशी आळीत कुणी सुकटीचं कालवण केलं नाही. चाचा खुर्चीपाशी उकिडवे बसून भिंतीवरचे चाकाचे डाग बघत होते. मी गप्प बसायची सवय तेव्हा सोडली. मला राग आला होता, आणि राग आला की माझं हिंदी सुधारतं. मी विचारलं, "चाचा, धोटे का धागा टूटता है तो माग क्या करता है?"

"बंद हो जाता है."

"किसने बंद किया?"

"अपने आप. काँटा है ना." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारी लाकडी नळी, आणि तिच्यातलं सूत मागावर आहे की नाही हे चाचपणारा एक बारीक काटा मागाला असतो. सूत तुटलं की काट्याला काही लागत नाही आणि हँडल आपोआप पडतं. हे त्यांनीच मला लहानपणी शेडमध्ये नेऊन दाखवलं होतं.

"तो मेरा हाथ धागा समझो," मी म्हटलं. "हाथ है तो चलेगी. हाथ छूटा तो बंद. और हाथ मेरा, बाबा का नहीं."

चाचांनी विडी भिंतीला चेपून विझवली, मागून हँडल उपटून काढलं आणि पिशवीत घालून निघून गेले. मला वाटलं रागावले. पुढच्या शुक्रवारी ते हिंगाची एक पत्र्याची डबी घेऊन आले.

त्या डबीत चार बाजूंना दाराच्या घंटीची चार बटणं होती आणि मध्ये एक उभी दांडी, तळाशी मागाची स्प्रिंग लावलेली. दांडी पुढे झुकवली की पुढचं बटण दाबलं जाई, बटणाने एक रिले टकदिशी लागे आणि रिले मोटरींना करंट देई. डावीकडे झुकवली की एकच मोटर चाले. सोडली की स्प्रिंग तिला परत मध्यावर आणी आणि सगळं बंद. दांडीच्या टोकाला लाकडी कांडीचा तुकडा बसवला होता, माझ्या तीन बोटांच्या मापाने तासलेला. डबी त्यांनी उजव्या हाताशी लावली. मी डावा हात वर केला. त्यांनी कपाळाला हात लावला, चार स्क्रू काढले आणि डावीकडे लावली.

मग ती खुर्ची चालवायला शिकणं आलं. पहिला दोष असा की ती मला शिंक आली तरी चालू लागे. माझं बोट जरा थरथरलं की बटण दाबलं जाई. चाचांनी दांडी आणि बटणं यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवली, म्हणजे दांडी थोडीशी हलली तर काहीच होऊ नये, मुद्दाम झुकवली तरच व्हावं. ही जागा किती असावी हे ठरवायला त्यांनी तपकीर आणली आणि मला पाच वेळा शिंकायला लावलं. पाचव्या शिंकेला खुर्ची जागची हलली नाही, तेव्हा ते समाधानाने उठले. हल्ली माझ्या खुर्चीसाठी कंपनीचा माणूस येतो, लॅपटॉप जोडतो आणि हाताचा थरथराट किती, वेग किती, सुरुवातीचा धक्का किती हवा ते विचारून आकडे भरतो. तो नम्र आणि हुशार मुलगा आहे. त्याच्याकडे तपकीर नाही.

दुसरा दोष, ती सरळ जात नसे. दोन भंगारातल्या मोटरी सारख्या वेगाने कशाला फिरतील? उजवी तल्लख, डावी आळशी, त्यामुळे मी सतत डावीकडे शेजाऱ्यांच्या दारात जाई. चाचांनी शेगडीची कॉइल कापून उजव्या मोटरीच्या वायरीत घातली आणि तिचा जोर कमी केला. कॉइल तापायची, ती माझ्या मांडीखाली होती, आणि डिसेंबरात बरं वाटायचं. तिसरा दोष ओट्याला टेकवलेल्या फळीवरून चढताना कळला. बॅटऱ्या मागे, मी मागे, पुढे नुसती ट्रॉलीची चाकं. चढावर पुढची चाकं उचलली गेली आणि मी उताणी पडून आभाळ बघत राहिले. बॅटऱ्या बैठकीखाली पुढे सरकवल्या आणि मागे दोन छोटी चाकं टेकू म्हणून लावली. आई दर वेळी धावत येई, मला पडलेली पाही, आणि चाचांना म्हणे, "चाचा, आदी जेवून घ्या."

चार्जिंगचा तेवढा उपाय कुणाला सापडला नाही. करंट असे तेव्हा मागांना हवा, नसे तेव्हा कुणालाच नाही. शेवटी मागांच्या जेवणाच्या सुट्टीत आणि शुक्रवारी बॅटऱ्या भरायच्या असं ठरलं. अंगणात तीन महिने फेऱ्या मारून मी काकीच्या दारापासून आमच्या न्हाणीपर्यंत कुणाचा हात न लागता जाऊ लागले. न्हाणीत एकटी गेले त्या दिवशी मी आत बसून रडले. मागांचा आवाज होता, कुणाला कळलं नाही.

शिंद्यांनी अजून कुणाला ठेवलं नव्हतं. बाबा म्हणाला, आपण एकदा गेटापर्यंत जाऊन दाखवू, म्हणजे त्यांचीही खात्री होईल. "पन एक बटन मागं ऱ्हाईल," तो म्हणाला. "माज्या हाताशी. सगला बंद करायचा. कदी लागलाच तं." चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचार केला, असू दे, दाबायची वेळच येणार नाही. ते माझं चुकलं.

सकाळी नऊच्या सुमाराला निघालो. मी पुढे, बाबा दोन पावलं मागे, हात त्या बटणाशी. आळी मी बिनचूक काढली. रस्त्यावर आले, दोन्हीकडे पाहिलं, एक ट्रेलर जाऊ दिला आणि निघाले. लांबून एक कंटेनर येत होता, पण तो लांब होता. ओसरीच्या टोकावरून मी वर्षानुवर्षं याच गाड्या पाहिल्या होत्या, त्यांच्या वेगाचा अंदाज मला त्यांच्या ड्रायव्हरांपेक्षा चांगला होता. मी रस्त्याच्या बरोबर मध्यावर होते, तेव्हा खुर्ची थांबली. दांडी पुढे दाबली, काही नाही. रिलेचा टक आवाजसुद्धा नाही. बॅटरी गेली असं वाटून मी मान वळवली. बाबाने बटण दाबून धरलं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, सोड," मी म्हटलं.

त्याचं बोट सुटेना. मग त्याने ढकलायला सुरुवात केली. एका हाताने बटण दाबलेलं, दुसऱ्या हाताने ढकलणं, आणि चाकांना मोटरींचं कुलूप. खुर्ची तसूभर हलली नाही. कंटेनरवाल्याने हॉर्न धरून ठेवला आणि ब्रेक मारले. गाडी आमच्यापासून दहा हातांवर थांबली, गरम रबराचा वास आला. ड्रायव्हर खाली उतरला, त्याने बाबाला ज्या शिव्या द्यायच्या त्या दिल्या, मग मला पाहून एक अर्ध्यावर गिळली आणि क्लीनरला हाक मारली. तिघांनी मिळून बॅटऱ्यांसकट खुर्ची आणि खुर्चीसकट मला उचललं. मला तोंड उघडायचं सुचलं तोवर त्यांनी मला ठेवलंही होतं, ज्या बाजूने आले त्याच बाजूला. पलीकडे गेटात शिंदे उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि आत गेले.

दोन दिवस बाबा माझ्याशी बोलला नाही. शेडमध्ये असायचा, जेवायला यायचा, ताटाकडे बघून जेवायचा. खुर्ची ओसरीत होती आणि मी खाटेवर. तिसऱ्या दिवशी लोडशेडिंगच्या वेळेत, घर शांत असताना, आईने त्याच्या ताटात भाकरी घातली आणि म्हणाली, "मी हिला वीस वर्सां उचलली. माजी कंबर गेली. तुमी आजून चार-पाच वर्सां उचलाल. मंग कोन उचलंल, ता सांगा." तिचा आवाज नेहमीसारखा मोठाच होता. आळीत सगळ्यांना ऐकू गेलं असणार. पण या वेळी तिला त्याचं काही वाटलं नाही.

बाबाने भाकरी मोडली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मना भ्या वाटला."

"मना पन वाटला," मी म्हटलं. "पन मी गाडीला बघत व्हती. तू मना बघत व्हतास. तू बटन नसता दाबलास, तं मी पार गेली असती."

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्याने मला आयुष्यभर उचललं, पावसात, तापात, कंबर धरलेली असताना, आणि मी त्याला हे ऐकवलं. मला वाईट वाटलं. तरी मी शब्द मागे घेतले नाहीत, कारण ते खरे होते.

शुक्रवारी चाचा आले, तेव्हा बाबा पकड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खुर्चीच्या मागे बसला होता. "ये बटन काढतो," तो म्हणाला. चाचांनी विचारलं, "सेठ, पक्का?" बाबाने स्क्रू काढले. वायरी चाचांनी जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. मी शिंद्यांना फोन केला. त्यांनी रस्त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. "सोमवारी," ते म्हणाले. "साडेनऊ."

सोमवारी आईने डब्यात वालाची भाजी दिली आणि पदर खोचून दारात उभी राहिली. बाबा सकाळीच शेडमध्ये गेला होता. तो बाहेर आला नाही. मी आळीतून निघाले, आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबले. मला भीती वाटत होती. एक गाडी गेली की दुसरी येई. कुणी माझ्यासाठी थांबलं नाही, आणि मीही कुणाला हात दाखवला नाही. डाव्या हाताने दांडी धरली होती, तो सोडायचा नव्हता. एकदा निघाले आणि परत मागे आले. बाबा असता तर आतापर्यंत उचलून नेलं असतं, असंही मनात आलं, आणि त्याची लाज वाटली. मग दोन्ही बाजूंना एकदम मोकळं दिसलं. मी दांडी पुढे झुकवली आणि पलीकडे पोचेपर्यंत तिच्यावरचं बोट हलू दिलं नाही.

गेटावरच्या वॉचमनने दार पूर्ण उघडलं. ऑफिसात शिंदे रजिस्टर घेऊन बसले होते. त्यांनी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दहाला दहा कमी," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी उशीर."

"रस्ता मिळत नव्हता," मी म्हटलं.

"सगळ्यांना तोच रस्ता आहे," शिंदे म्हणाले. "उद्यापासून लवकर निघायचं."

तोवर मला कधी उशीर झालाच नव्हता. उशीर व्हायचा तो मला नेणाऱ्यांना, आणि मी त्यांच्याबरोबर उशिरा पोचायचे. माझ्यावर कुणी चिडत नसे, गाठोड्यावर कुणी चिडत नाही. ही वीस मिनिटं माझी होती, मी एकटीने रस्त्याच्या कडेला घालवलेली, आणि त्याबद्दल एक मनुष्य माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत होता. मला इतका आनंद झाला की मला नीट बोलता येईना. शिंद्यांना वाटलं मी रडणार, म्हणून ते जरा नरमले आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"रडायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं लवकर निघायचं."

"हो साहेब," मी म्हटलं, आणि माझ्या नावापुढे खरी वेळ लिहिली.